रोजकीर्द वेगळ्या टेबलावर

शनिवारी रात्री साडेअकराला
माझगावच्या पतपेढीचं शटर अर्धं वर करत
वॉचमन म्हणाला, मॅडम, आज परत?
आज परत. आज शेवटचं, बहुतेक.

सात तारखेला गोदीवाल्यांचा पगार जमा होतो
आणि सात तारखेलाच आमचा सर्व्हर बसकण मारतो.
काउंटरला माणसं, पडद्यावर गरगरणारं चक्र,
माझ्या खुर्चीमागे चिटणीस तुळसकर:
"बाई, नवीन मशीन घ्यायचं का?"
मशीनला काही झालेलं नव्हतं.
नऊ वर्षांपूर्वी, पहिल्या दिवशी, कोणीतरी
नेक्स्ट नेक्स्ट नेक्स्ट दाबत गेलं होतं, एवढंच.

डेटाची फाईल आठ एमबीची.
भरली की एक एमबीने वाढ.
म्हणजे घरात तांदळाचा डबाच नाही;
पाहुणा पानावर बसला
की वाटीभर आणायला खाली वाण्याकडे पळा,
दुसरा बसला की परत पळा,
तोवर पंगत हात धुऊन ताटकळत.
आणि आणलेले तरी ठेवलेत कुठे?
मूठ फडताळात, मूठ माळ्यावर,
मूठ शेजारच्यांच्या परातीत.
तुकडे मोजले मी. नऊ हजार चारशे सहा.

आणि लॉग त्याच डिस्कवर!

तेव्हा रेडकर आठवले.
मी लागले त्या वर्षी निवृत्त होणारे, शाईवाले.
त्यांची रोजकीर्द खिडकीशी, खतावणी कपाटाशी,
मध्ये सहा पावलं.
एकाच टेबलावर का नाही ठेवत, विचारलं
तर चष्म्यावरून बघत म्हणाले,
"रोजकीर्द सरळ जाते, पोरी.
आलं तसं लिहायचं, मागे बघायचं नाही.
खतावणीत सारखी पानं उलटायची,
आत्ता अडसूळ, लगेच हळदणकर.
दोघी एका टेबलावर आल्या
की कोपराला कोपर लागतो. शाई सांडते."

बारा दहाला बॅकअप. तपासला.
दुसरीकडे उघडून परत तपासला.
मग सगळं बंद करून
लॉग उचलला, दुसऱ्या डिस्कवर नेऊन ठेवला.
सहा पावलं.
डेटाला एकदम चाळीस जीबी;
पुढची वाढ पाचशे बारा एमबीची, टक्क्यांत नाही.
टक्के म्हणजे चक्रवाढ,
पोट मोठं तसा घास मोठा.
कच्च्या कामाची फाईल एकटी होती,
तिच्या चार केल्या, चारी एका मापाच्या.
एक जरा मोठी राहिली
तर सगळं तिच्याच गळ्यात पडतं.
आमच्या थोरल्या वहिनीला विचारा.

लॉगची जागा शून्यांनी भरून घ्यावी लागते.
ती भरत होती. पट्टी सरकत होती, थांबत होती.
बाहेर गोदीत कुठलं तरी जहाज
एकदाच भोंगा देऊन गप्प झालं.
मी बसले. एसीत शाल घेऊन बसले.
घोडपदेवला एकशे ऐंशी चौरस फुटांत आम्ही पाच,
आणि इथे मी एका ओळीत
एकतीस जीबी कोणालाच नाही दिले.
तुळसकर म्हणालेच होते,
"रिकाम्या जागेचे पैसे का भरायचे?"

रेडकरांच्या खतावणीत
दर आडनावामागे सहा-सात पानं कोरी असत.
मी हसले होते तेव्हा. कागद फुकट, म्हटलं होतं.
संगणक आला, ते गेले,
आणि त्याच आठवड्यात घाईघाईत
नेक्स्ट नेक्स्ट दाबत गेलं ते कोणीतरी
मीच.
बसवणुकीच्या कागदावर सही आहे माझी,
माहेरच्या आडनावाची.

पावणेचारला सगळं चालू केलं.
वॉचमनने चहा आणला, त्यात साखर नव्हती.

सात तारखेला हौसाबाई निवाते,
दोन हजार काढायला.
पिशवीतून चष्मा निघायच्या आत पावती निघाली.
"झालं?"
"झालं."
त्यांनी नोटा तीनदा मोजल्या.
एवढ्या लवकर मिळालेल्या पैशावर
त्यांचा विश्वास बसेना.

तुळसकर मागे येऊन उभे राहिले,
रिकामी बाकं बघत म्हणाले,
"आज गर्दीच कमी आहे, नाही?"

हो म्हटलं.